दुर्बिणीची शिस्त

‘शिस्त’ हा शब्द शाळेच्या आवारात जितक्या वेळा कानी पडतो तितक्या वेळा दुसरा कोणताही शब्द पडत नसेल. प्रार्थनेच्या रांगेत शिस्त, वर्गात शिस्त, डबा खातानाही शिस्त! विद्यार्थिदशेत मला ह्या शब्दाचा मनापासून कंटाळा येत असे. पुढे केव्हातरी कळले की, हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि जुन्या मराठीत त्याचा एक अर्थ ‘नेम’ असा आहे. बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. नेम आणि नियम हे दोन अर्थ एकाच शब्दाच्या पोटात शेजारी-शेजारी कसे नांदू लागले, ह्याचा उलगडा मला कोशात झाला नाही. तो आमच्या आबांच्या बंदुकीवरील एका लहानशा दुर्बिणीने केला. ‘वार्षिकासाठी काही लिहून द्या’ असा शाळेचा निरोप आला तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती तिचीच.

आबा म्हणजे माझे आजोबा. मराठा लाइट इन्फन्ट्रीमध्ये चोवीस वर्षे नोकरी करून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि खानापुरास येऊन भातशेती पाहू लागले. ह्या पलटणीचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. ‘कर्तव्य, मान, साहस’ हे तिचे ब्रीद आमच्या बाजूच्या मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक झालेले असते. 1971 च्या लढाईच्या वेळी आबा फौजेत होते. परंतु आम्ही मुले ‘लढाईची गोष्ट सांगा’ म्हणून त्यांच्यामागे लागलो की ते रायफलची नळी कशी साफ करावी तेच सांगत बसत. ती गोष्ट आम्हांला मुळीच आवडत नसे.

त्यांच्यापाशी छर्ऱ्यांची एक एअर गन होती. साडेचार मिलिमीटरचे शिशाचे छर्रे घालून मुलांना नेमबाजी शिकवावी एवढाच तिचा उपयोग. पाखरावर त्यांनी ती कधी रोखली नाही व आम्हांलाही रोखू दिली नाही. रविवारी सकाळी आमची ‘चांदमारी’ भरे. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे सर्वांना माहीत आहेच. आमच्या घरामागे मलप्रभेच्या अंगाला एक बंद पडलेली कौलांची भट्टी होती. तिच्यासाठी माती काढून काढून एक खोलगट जागा झाली होती आणि तिच्या टोकाला दोन पुरुष उंचीची उभी दरड उरली होती. त्या ओल्या मातीत छर्रा रुतून बसे; उसळून मागे येण्याची भीती नसे. दरडीला कागदी चांद लावावयाचा, पंचवीस यार्ड मोजून फळकूट मांडावयाचे आणि एकेकाने पाच-पाच छर्रे मारावयाचे. बाकीचे सर्व आबांच्या पाठीमागे, ओळीने, तोंड बंद करून.

आबांची सारी नोकरी आधी थ्री-नॉट-थ्री आणि मग एसएलआर ह्या रायफलींवर झालेली. नळीच्या टोकावरील माशी, मागचे छिद्र आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणली की झाले. दुर्बिणीचे कौतुक त्यांना नव्हते. पण आत्यांच्या यजमानांनी पुण्याहून एक दुर्बीण त्यांना भेट म्हणून आणून दिली. चार पटींनी मोठे दाखवणारी, बत्तीस मिलिमीटर रुंदीच्या भिंगाची, काळ्या रंगाची. ‘डोळ्यांना आराम पडेल,’ असे ते सहज बोलून गेले. आबांनी तिच्याकडे जरा संशयानेच पाहिले. मात्र एकदा ती बंदुकीवर चढवावयाची ठरली तेव्हा सबंध एक दिवस त्यांनी त्या कामास दिला. मी तेव्हा नववीत होतो. पाने आणि स्क्रू हातात देण्याचे काम माझ्याकडे होते.

दुर्बीण बसवणे म्हणजे चार स्क्रू आवळणे, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी पार मोडली. बंदुकीच्या पाठीवर लांब खाच असते. तीत दोन कड्या बसतात आणि त्या कड्यांत दुर्बीण. प्रथम खाच आणि कड्या तेलाचा अंशही राहणार नाही अशा पुसून घेतल्या. कारण तेल राहिले की पकड सुटते. एअर गनचा धक्का साध्या बंदुकीसारखा एकाच दिशेचा नसतो. आतली स्प्रिंग सुटली की बंदूक आधी मागे येते आणि दट्ट्या टोकाला जाऊन आदळला की पुढे जाते. ह्या दुहेरी हिसक्याने दुर्बीण हळूहळू सरकते, प्रसंगी आतून खिळखिळीही होते. म्हणून मागच्या कडीची खुंटी खाचेतल्या भोकात बरोबर अडकवावयाची. मग डोळ्याचे अंतर. गाल नेहमीच्या जागी टेकवून पाहिले असता चित्र काठोकाठ भरलेले दिसले पाहिजे. भोवती काळी सावली आली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवावयाची. हे अंतर आमच्या दुर्बिणीला सुमारे तीन इंच होते. मोठ्या रायफलीवर ते कमी ठेवले तर धक्क्याने भुवई फुटते, असे आबा म्हणाले आणि आपल्या एका सोबत्याच्या कपाळावरील खुणेची गोष्ट त्यांनी सांगितली. लढाईची म्हणता येईल अशी तेवढीच गोष्ट त्यांच्या तोंडून मी ऐकली.

दुर्बिणीत पाहिले की एक उभी व एक आडवी तार दिसते. त्यांची फुली जेथे पडते तेथे नेम. ती उभी तार खरोखर उभी आहे हे कसे ओळखावे? आबांनी गवंड्याचा ओळंबा मागवला, तो दूर आंब्याच्या फांदीस बांधला आणि बंदूक सरळ धरून दुर्बिणीतील उभी तार त्या दोरीशी जुळवली. मग प्रत्येक स्क्रूला थोडा थोडा पीळ, तोही समोरासमोरच्या स्क्रूंना आळीपाळीने. एकच स्क्रू एकदम आवळला तर नळीला पीळ बसतो.

ही तार मूळची कोळ्याची आहे, हे पुढे मला विज्ञानाच्या एका पुस्तकात सापडले. इंग्लंडमध्ये विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक तरुण ज्योतिषी होता. 1640 च्या सुमारास आपली दुर्बीण उघडून तो काही काम करीत असता एका कोळ्याने तिच्यात धागा ओढला. नंतर गॅस्कॉइन पाहतो तो दूरच्या ताऱ्यांबरोबर तो धागाही रेखीव दिसतो आहे! दोन बहिर्गोल भिंगांच्या मधोमध, प्रतिमा जेथे पडते नेमक्या त्याच जागी तो धागा ताणला गेला होता. त्या धाग्यातून दुर्बिणीने नेम धरण्याची विद्या निघाली. हा शोध लावणारा गॅस्कॉइन 1644 साली मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. पुढे कित्येक पिढ्या दुर्बिणींत खऱ्याखुऱ्या कोळ्याचे धागे ताणले जात, आणि विसाव्या शतकातील दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांचा उपयोग होत असे. आता त्या जागी धातूची बारीक तार किंवा काचेवर कोरलेली रेघ असते. सकाळी भाताच्या बांधावर दवाने भिजलेले कोळ्याचे जाळे दिसले की मला अजून त्या तरुणाची आठवण होते.

बसवण्यापेक्षा राखणे कठीण. खानापूरचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. मृग लागला की कपाटातील चपलांवर पांढरी बुरशी धरते, काड्यापेटी पेट घेत नाही, कणकुंबीच्या बाजूने तर आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशा हवेत भिंगावरही बुरशी वाढते. प्रथम एखादा ठिपका, मग त्याला कोळिष्टकासारखे फाटे फुटतात आणि शेवटी काचेवरील नाजूक लेपच ती खाऊन टाकते. म्हणून आबांनी एक घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा केला होता. बंदुकीवरून न काढताच दुर्बीण त्यात मावेल असा तो लांबट डबा! त्यात निळ्या मण्यांची पुरचुंडी असे. ते मणी ओल शोषून गुलाबी झाले की एका वेगळ्या पत्र्यावर मंद आचेने तापवावयाचे. ते पुन्हा निळे होत. चुलीवरील माळ्याची जागा उबदार असते खरी, पण धुराची काजळी भिंगावर बसते. म्हणून तेथे ठेवावयाचे नाही. धोतराच्या सोग्याने किंवा बोटाने भिंग पुसावयाचे नाही. धुळीचा कण बारीक असला तरी काचेवर ओरखडा पाडतो. आधी रबरी पिचकारीने वारा घालावयाचा, मग मऊ कुंचला, आणि तरीही डाग राहिला तर धुतलेल्या मलमलीने मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने. दुर्बीण उघडावयाची तर कधीच नाही; आतील हवा काढून कोरडा वायू भरून ती मिटवलेली असते.

ह्या सर्वांवर आणखी दोन नियम होते. पहिला : ‘बंदूक पडली, आपटली, कुणाचा पाय लागला, तर तेव्हाच्या तेव्हा सांगायचं.’ दुसरा : ‘माणसाकडे बघायला देवानं डोळे दिलेत. बंदुकीच्या दुर्बिणीतून माणसाकडे बघायचं नाही, रिकामी असली तरी.’

हे दोन्ही नियम मी एकाच दुपारी मोडले.

2003 सालच्या आषाढातील गोष्ट. शाळेला सुटी होती. बाहेर पाऊस कोसळत होता. घरची माणसे रोप लावणीसाठी इरली घेऊन शेतावर गेली होती आणि आबा मागच्या पडवीत सुंभ वळीत होते. मी डबा उघडला. बंदूक रिकामी आहे हे पाहिले. तेवढी अक्कल होती. ती बाजेवर टेकवून खिडकीतून मी बाहेर पाहू लागलो. भट्टीचे धुराडे, त्यावर बसलेला भिजका कावळा, त्याच्या पिसावरील थेंब! केवढी ती मौज! मग दुर्बीण आणखी जराशी वळली आणि पलीकडच्या खळ्यात पागोळ्यांखाली घागर लावणाऱ्या शेजारच्या काकू तिच्यात आल्या. त्यांच्या कपाळाच्या मधोमध ती फुली पाहताच माझ्या अंगावर काटा आला. मी दचकून मागे झालो, कोपर निसटले, आणि बंदूक बाजेवरून घसरून दुर्बिणीच्या अंगाने उंबरठ्यावर आदळली.

“काय पडलं रे?” पडवीतून आबांचा आवाज आला.

“पाट पडला, आबा,” मी म्हणालो.

पुसून, निरखून पाहिले. काळ्या रंगावर नखाएवढा ओरखडा. दुसरे काही नाही. डबा बंद केला. आत डोकावून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. पाहिले नाही म्हणजे मोडले नाही, असे काहीतरी त्या वयात वाटत असावे.

पावसाळा सरला. खंडेनवमीस कोयते, विळे, नांगराचा फाळ ह्यांच्या ओळीत बंदूकही मांडली गेली. आईने तिला हळद-कुंकू वाहिले आणि आबांनी झेंडूचे फूल ठेवले. दसऱ्यानंतरच्या रविवारी पावसाळ्यानंतरची पहिली चांदमारी. पहिले पाच छर्रे नेहमीप्रमाणे आबांचे. आम्ही धावत जाऊन चांद घेऊन आलो. पाच छिद्रे पाच दिशांना, आणि सारी मिळून उजवीकडे, खाली कलंडलेली. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी दुर्बिणीवरचे टोपण काढून घुंडी काही टिका फिरवली आणि पुन्हा पाच मारले. ती छिद्रे आणखीच विखुरली. एक तर कागदालाच लागले नव्हते. मुले एकमेकांकडे पाहू लागली.

आबांनी दुर्बिणीवरून हात फिरवला. “आत बुरशी धरली,” ते शांतपणे म्हणाले. “सगळं धुक्यातून दिसतंय. दुर्बीण गेली आमची.”

डबा पुन्हा बंद झाला आणि त्याबरोबर चांदमारीही बंद झाली. त्यानंतरचे रविवार सकाळी आबा ओट्यावर नुसते बसून राहत. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. हा शिरस्ता त्या वर्षी उन्हाळ्यापासून पडला होता. ‘तुझं वाचन सुधारावं म्हणून,’ असे ते म्हणत. वाचता वाचता माझी नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे जाई आणि ओळ चुके. बुरशी वगैरे काही नाही, मी पाडली म्हणून आतले भिंग निखळले, अशी माझी खात्री झाली होती. ज्या माणसाने मला पहिल्यांदा बंदूक हाती धरू दिली त्याचा हा एकुलता एक विरंगुळा मी मोडला, आणि वर ‘पाट पडला’ म्हणून सांगितले! रात्री डोळा लागेना. एकदा वाटले, दुर्बीण गुपचूप बेळगावास नेऊन दुरुस्त करून आणावी. पण माझ्यापाशी बसभाड्याहून अधिक पैसे नव्हते.

शेवटी दिवाळीच्या पाडव्याला, सर्वजण जेवून आडवे झाले असता, मी ओट्यावर त्यांच्याजवळ गेलो.

“काय करूलास रे जागा राहून?” त्यांनी विचारले.

मी सारे सांगून टाकले. बाज, कावळा, काकू, उंबरठा, काही वगळले नाही. काकूंचे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा कठोर झाला, आणि तेवढ्यापुरताच त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मग सोडला.

“म्हणजे तो पाट नव्हता तर,” ते म्हणाले. बराच वेळ थांबून पुढे म्हणाले, “पोरा, बंदूक पडतेच. माणूसही पडतो. पण पडलेलं सांगितलं नाही, की मागून जो येतो तो खोट्या शिस्तीवर नेम धरतो. फौजेत त्यानं माणूस मरतो. इथं नुसता माझा कागद फाटला.”

दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेच्या सकाळी, त्यांनी स्वतः डबा काढला. ओट्यावर स्वच्छ फडके पसरले आणि तपासणी सुरू झाली. आधी स्क्रू. पुढच्या कडीचे दोन्ही स्क्रू सैल झाले होते आणि दुर्बीण केसभर बाजूला गेली होती. “ही तुझी करणी,” आबा म्हणाले. पण ते रागाने म्हणाले नाहीत. स्क्रू पुन्हा क्रमाने आवळले. मग भिंगे. पांढऱ्या आभाळाकडे धरून पुढून पाहिले, मागून पाहिले. “डाग दिसला तर डोळ्याकडचं भिंग फिरवून बघ. डागही फिरला तर तो त्या भिंगावर. नाही फिरला तर पुढच्या भिंगावर, नाहीतर आत.” असे सांगून त्यांनी दुर्बीण माझ्या हाती दिली.

मी भट्टीच्या छपराकडे पाहिले. कौलांची कड, तिच्यावरचे शेवाळ, एका कौलावर उमटलेला कारागिराचा अंगठा. सारे जसेच्या तसे.

“आबा, मला तर स्वच्छ दिसतंय.”

ते काही बोलले नाहीत. माझ्याकडून दुर्बीण घेऊन त्यांनी आपल्या नेहमीच्या उजव्या डोळ्याला लावली. डोळ्याकडचे भिंग एका बाजूस फिरवले, मग दुसऱ्या बाजूस. पुष्कळ वेळ तसेच पाहत राहिले. नंतर, साऱ्या आयुष्यात ज्या डोळ्याने त्यांनी कधी नेम धरला नव्हता त्या डाव्या डोळ्याला ती लावली. त्यांचा हात खाली आला तेव्हा थोडा थरथरत होता.

“बुरशी माझ्याच भिंगात आहे रे,” आबा म्हणाले.

मग त्यांनीही सांगितले. उन्हाळ्यापासून उजव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा वाटे. रात्री दिव्याभोवती कडे दिसे. बसची पाटी जवळ आल्यावाचून वाचता येत नसे. वर्तमानपत्र मी वाचून दाखवावे ते माझ्या वाचनासाठी नव्हेच. घरी कुणाला सांगितले नव्हते; कारण सांगितले की आधी बंदूक काढून घेतील, मग सायकल, मग शेतावर एकटे जाऊ देणार नाहीत, असे त्यांना वाटले होते. चार महिने मी एक गोष्ट लपवली होती आणि त्यांनी एक. आणि दोघांचीही लपवाछपवी त्या मुक्या दुर्बिणीच्या माथी मारली गेली होती.

त्याच दिवशी त्यांनी मला भट्टीमागे नेले. फळकुटावर वाळूची पिशवी ठेवून बंदूक तिच्यावर टेकवली आणि मला पाच छर्रे मारावयास सांगितले. “काही दुरुस्ती करायची नाही. एकाच ठिकाणी नेम, गाल एकाच जागी. डोकं हललं की तारही लक्ष्यावरून हलल्यासारखी दिसते.” माझी पाचही छिद्रे एका चिंचोक्याएवढ्या जागेत पडली, मात्र ती जागा केंद्राच्या सव्वा इंच खाली आणि पाऊण इंच उजवीकडे होती.

आबांनी आपला दसऱ्याचा कागद खिशातून काढून माझ्या कागदाशेजारी ठेवला. “बघ. तुझी छिद्रं एकत्र आहेत, पण बाजूला. हा दोष यंत्राचा. तो घुंडीनं निघतो. माझी छिद्रं विखुरलेली. हा दोष माणसाचा. तो घुंडी फिरवून निघत नाही. मी मात्र त्या दिवशी घुंडीच फिरवत बसलो.”

दुरुस्तीचा हिशेब त्यांनी मलाच करावयास लावला. भूमितीतला अंश आपल्याला ठाऊक आहे. त्याचे साठ भाग म्हणजे कला. एका कलेची रुंदी शंभर यार्डांवर साधारण एक इंच भरते. आमच्या दुर्बिणीची घुंडी एक टिक फिरवली की नेम पाव कला सरके, म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच आणि पंचवीस यार्डांवर त्याचा चौथा हिस्सा, इंचाचा सोळावा भाग. सव्वा इंचास वीस टिका वर, पाऊण इंचास बारा टिका डावीकडे. त्याआधी आबांनी दसऱ्यास फिरवलेल्या टिका उलट फिरवाव्यात का, असे मी विचारले. ते हसले. “नको. आता जिथं आहे तिथून मोज. मागचं धुवत बसलास तर दोनदा चुकशील.” मी मोजून घुंड्या फिरवल्या, दोन छर्रे नुसतेच उडवून तारा स्थिर होऊ दिल्या, आणि पुढचे पाच मारले. कागद आणावयास गेलो तो काळ्या ठिपक्याचा मध्यच उडून गेला होता. गणिताने इतका आनंद मला त्यापूर्वी कधी दिला नव्हता.

मार्गशीर्षात बेळगावात आबांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू म्हणजे दुसरे काही नाही, डोळ्यातले भिंगच गढूळ होणे. ते काढून तेथे कृत्रिम भिंग बसवतात. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा आबांनी गंभीरपणे विचारले, “स्क्रू किती?” डॉक्टर आधी गोंधळले, मग मोठ्याने हसले. पट्टी निघाल्यावर त्यांनी मागितलेली पहिली वस्तू म्हणजे वर्तमानपत्र. “तुझं वाचन आता पुरेसं सुधारलं,” असे म्हणून त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतले.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, महाशिवरात्र उलटून गेलेल्या एका रविवारी, चांदमारी पुन्हा भरली. पाचही छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, असे लिहिण्याचा मोह मला होतो. पण तसे झाले नाही. चार एकत्र पडली आणि पाचवे दीड इंच बाहेर. आम्ही मुले लगेच म्हणू लागलो, ‘वारा आला, छर्रा वाकडा असेल, स्प्रिंग ढिली झाली असेल.’ आबांनी खिशातून पेन्सिल काढली, त्या पाचव्या छिद्राभोवती एक गोल काढला आणि त्याशेजारी दोन शब्द लिहिले : ‘हा माझा.’

ह्या गोष्टीस आता वीसाहून अधिक वर्षे झाली. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी 50 मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत 451.4 गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्या 2010 साली म्युनिक येथे जागतिक विजेत्या झाल्या होत्या. ह्या स्पर्धांत रायफलीवर मोठे दाखवणारी दुर्बीण लावण्यास परवानगीच नसते. पुढचे कडे, मागचे छिद्र आणि नेमबाजाचे मन एवढ्यावरच सारा खेळ. आबा असते तर म्हणाले असते, ‘बघ, मी काय सांगत होतो!’ पण ते पदक पाहावयास ते राहिले नाहीत.

तो पत्र्याचा डबा आता माझ्याकडे आहे. दरवर्षी मृगापूर्वी मी निळे मणी तापवतो, स्क्रू तपासतो, पिचकारीने भिंगावर वारा घालतो. डब्याच्या झाकणाला आतून तो कागद चिकटवलेला आहे. नोकरीत, घरात, कधी मित्रमंडळींत एखादी गोष्ट बिघडली आणि माझा हात सवयीने दुसऱ्याच्या घुंडीकडे जाऊ लागला, की चार एकत्र आणि एक बाहेर अशी ती पाच छिद्रे मला दिसतात. पेन्सिलीची अक्षरे आता पुसट होत चालली आहेत; परंतु अजून वाचता येतात.